मिरच्यांचा ठसका

खालच्या मजल्यावरच्या देसाईकाकूंच्या ब्रुनोनं आज पार्किंगमध्ये मांजराचं पिल्लू फाडलं. अंगात काकूंनी विणलेला पिवळा स्वेटर, गळ्यात लाळेरं आणि जबड्यात ते पिल्लू. त्यानं दोनदा मान झटकली. पिल्लाचं ओरडणं दुसऱ्या झटक्याला थांबलं.

काकू धावत आल्या आणि आधी त्याचाच जबडा उघडून बघू लागल्या. "शोन्या, तुला नाही ना रे लागलं?" लाळेऱ्यानं त्याच्या तोंडावरचं रक्त पुसत वर गॅलरीत उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "असं कधी करत नाही हो तो. नजर लागली कुणाची तरी."

माझं डोकंच फिरलं. कुत्र्याचे हे कसले लाड! चांगलं सुनावावं म्हणून चपला घालतोय, तोच खालून मिरच्या जळल्याचा वास आला. काकू त्याची दृष्ट काढत होत्या.

नजर खरंच लागली असेल तर मिरच्यांचा ठसका येत नाही म्हणतात. सातवीत मी एका मुलाचं डोकं दगडानं फोडलं होतं. तो पडल्यावरही मारत राहिलो होतो, आणि मला ते आवडलं होतं. संध्याकाळी आईनं माझ्या नखांतलं रक्त धुतलं, मीठ-मिरच्या माझ्यावरून उतरवून विस्तवावर टाकल्या. घरभर धूर झाला. डोळ्यांतून पाणी वाहत असताना खोकला गिळून ती वडिलांना म्हणाली, "बघा, ठसकासुद्धा नाही."

मी दारातच चपला काढल्या. खोकून खोकून माझा जीव जात होता, आणि खाली काकू चिरकलेल्या आवाजात काकांना विचारत होत्या, "आहे का हो जरा तरी ठसका?"