सासऱ्यांचा लांबलेला एमआरआय

मैत्रिणींनो, आज दुपारी मी सूड घेतला.

माझे सासरे रोज स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारतात, "सूनबाई, चहाले एवढा वेळ काऊन लागून राह्यला?"

आज वर्ध्यात त्यांचा एमआरआय होता. हृदयाजवळच्या मोठ्या धमनीतलं रक्त कसं वाहतं, ते बघायचं होतं. टेक्निशियन म्हणाला, "नव्या पद्धतीनं लवकर होते, जुनीले लय वेळ लागते. रिपोर्ट दोन्हीचा चांगलाच येते."

"सूनबाई, त्याले लवकरवाली सांगजो, आत माहा जीव घाबरते," म्हणत सासरे मशीनवर आडवे झाले. त्यांच्या कानात बोळे गेले.

मी टेक्निशियनला म्हटलं, "जुनीच करा."

बाहेर आले ते घामाघूम. "एवढा वेळ काऊन लागला?"

"चहा ठेवला होता, बाबा."

खरं सांगा, तुम्ही कोणती सांगितली असती?