आक्कांचा काढा

"दत्तूभाऊ, गोळ्या चुकल्या का? खरं सांगा." डॉक्टर अगदी हळू आवाजात विचारत होते. म्हणजे ते काळजीत होते.

"नाय साहेब. एक पण नाय."

"दुसरं काही औषध? झाडपाला वगैरे?"

"औषध? नाय."

मी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर. ऑपरेशन डॉक्टर करतात. त्याआधीच्या तपासण्या, परवानग्या आणि नंतर कसं जगायचं हे समजावणं माझ्याकडे. दत्तूभाऊंची नाशिकजवळ झेंडूची शेती. दारूला ते कधी शिवले नाहीत, तरी सिरॉसिस झाला, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत गेलं. शेवटी सटाण्याला दिलेल्या थोरल्या बहिणीने, आक्कांनी, स्वतःच्या लिव्हरचा भाग दिला. लिव्हर पुन्हा वाढतं, देणाऱ्याचंही आणि घेणाऱ्याचंही. ऑपरेशन छान झालं आणि आक्का भावाकडेच राहिल्या. दत्तूभाऊ मास्क लावून बांधावरून मजुरांना सूचना देऊ लागले. संसर्गाच्या भीतीने शेणखताला हात लावायचा नाही, यावरून माझ्याशी भांडूही लागले. भांडणारा पेशंट मला आवडतो, तो बरा होत असतो.

आणि आता फॉलोअपला त्यांचे एन्झाइम्स वाढलेले आले होते. म्हणजे नव्या लिव्हरला सूज होती. रक्तात गोळ्यांचं प्रमाण बरोबर होतं, तेव्हा माणूस खोटं बोलत नव्हता. तरीही रिजेक्शनची भीती होती. रिजेक्शन म्हणजे शरीर नव्या लिव्हरला परकं समजून त्याच्यावर तुटून पडतं. अ‍ॅडमिट करून बायॉप्सी करायची ठरली, सुईने लिव्हरचा कण काढून तपासायचा. हे लिव्हर गेलं तर आक्का दुसऱ्यांदा देऊ शकणार नव्हत्या.

मला सर्दी झाली होती म्हणून मी वॉर्डात गेले नाही. आक्का बाहेरच्या बाकावर भेटल्या. माझं नाक ओढणं ऐकून त्यांनी थर्मास उघडला.

"मॅडम, घोटभर घ्या. सर्दी पळून जाईन."

"काय आहे हे?"

"गुळवेलीचा काढा. दत्तूला रोज सकाळी देते मी. प्रतिकारशक्ती लय वाढते."

माझी सर्दी जागच्या जागी थांबली.

"आक्का, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा दत्तूभाऊ औषध नाही म्हणाले!"

"काढा काय औषध हाय का? घरचंच तर हाय."

मी त्यांच्याशेजारी बसले. "शेतावरचा कुत्रा नव्या पाहुण्यावर धावतो ना? तशी ही प्रतिकारशक्ती. तुमचं लिव्हर त्यांच्या शरीरात पाहुणं आहे. गोळ्या देऊन आम्ही कुत्रा बांधून ठेवलाय. तुम्ही रोज त्याची साखळी सोडताय. शिवाय गुळवेलीने कुणाकुणाच्या लिव्हरलाच सूज येते."

त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. "म्हंजी मीच दिलं अन् मीच बिघडवलं?" त्या रडू लागल्या. मला त्यांचा राग आला होता, तो कुठल्या कुठे गेला. मी त्यांचा हात धरून बसले.

बायॉप्सीत रिजेक्शन निघालं नाही. काढ्यानेच सूज आली असावी, असं डॉक्टर म्हणाले. काढा बंद झाला आणि एन्झाइम्स हळूहळू उतरले.

मग मी दत्तूभाऊंना एकटं गाठून झापलं. "विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही, हे डिस्चार्जच्या वेळी किती बजावलं होतं!"

"कडूजहर होता मॅडम. पण जिनं पोट फाडून लिव्हर दिलं, तिला गेलासभर काढ्याला नाय कसं म्हनू?"

देणाऱ्याला आम्ही एकटं बसवून विचारतो, मनात नसेल तर नाही म्हणा, कुणाला कळणार नाही. घेणाऱ्याला नाही म्हणायला मात्र कुणी शिकवत नाही. तेव्हापासून मी दोघांना समोरासमोर बसवून तेही शिकवते. आणि 'औषध घेता का' असं विचारत नाही, सकाळपासून पोटात काय काय गेलं ते विचारते.

पुढच्या फॉलोअपला आक्कांनी ओपीडीतच डबा उघडला. कसलेसे डिंकाचे लाडू होते, त्यात आणखी काय काय कुटून घातलेलं. दत्तूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम फाइल चाळत राहिले.

"आक्का," ते म्हणाले, "नको."

आक्कांनी सासरच्या अहिराणीत भावाच्या नात्याची गळ घातली, "मना भाऊ शे ना तू? एक तरी खा."

"आधी डाक्टरला विचारू. तवर नको म्हंजी नको."

आक्कांनी डबा आपटून बंद केला आणि तोंड फिरवून बसल्या. रिपोर्ट अजून यायचे होते, पण माझ्या जिवात जीव आला.