सबूरसाहेबांचा होकार

स्वतःचीच प्रार्थना मध्येच अडवणारा पाळक मी आयुष्यात एकच पाहिला. रविवारची सकाळ, सगळी मंडळी डोळे मिटून उभी, माझी बोटं पेटीच्या पट्ट्यांवर ‘आमेन’साठी टपलेली, आणि आमचे पाळकसाहेब म्हणाले, "हे दयाळू बापा, आम्ही जे मागतो ते सर्व आम्हाला..." आणि गप्प झाले. आम्ही वाट पाहिली. पुढच्या रांगेतल्या एका आजीनं हळूच एक डोळा उघडला. तेवढ्यात वेदीपाशी आवाज आला, "सबूर. ‘सर्व’ म्हणणं बरोबर नाही. आपण काय काय मागत असतो, हे आपल्याला तरी धड ठाऊक आहे का?" आणि त्यांनी प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

परभणीत त्यांना खऱ्या नावानं फारसं कुणी ओळखत नसे. सबूरसाहेब म्हटलं की स्टँडवरचा रिक्षावालासुद्धा बरोबर चर्चच्या फाटकाशी आणून सोडायचा. चहा घेणार का, असं विचारलं तरी ‘सबूर’. एका लग्नात त्यांनी नवऱ्या मुलाला ठरलेला प्रश्न विचारला आणि त्यानं झटकन ‘हो’ म्हटलं. साहेबांना ते रुचलं नाही. "सबूर. नीट विचार करून सांग, बाळ." आता तो पोरगा खरंच विचार करायला लागला! वर छताकडे बघतोय, खाली बुटांकडे बघतोय. नवरीच्या बापाच्या कपाळावर आलेला घाम मी पेटीमागून स्वतः पाहिला आहे. शेवटी नवरीनंच कोपर मारलं, तेव्हा कुठं संसार उभा राहिला.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचो आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचो. त्यामुळे आठवडाभराचं विज्ञान साहेबांपर्यंत पोचवणं हे काम आपोआप माझ्याकडे आलं होतं. नामांतराच्या आंदोलनाची शेवटशेवटची वर्षं होती. आज मोर्चा, उद्या बंद, परवा एसटी नाही, असं चाललेलं. अशाच एका बंदच्या दिवशी चर्चच्या ओट्यावर बसून मी त्यांना सांगितलं की, परदेशात आता माणसाच्या शरीरात चांगला जनुक घालून जन्माचे आजार बरे करायची खटपट सुरू झाली आहे, आणि पुढेमागे गर्भातल्या बाळाचाच साचा दुरुस्त करता येईल, असंही लोक बोलतायत. मला वाटलं, साहेब ‘वा’ म्हणतील. ते इतका वेळ गप्प बसले, की मी घरी जाऊन जेवून आलो.

परत आलो तर तिथंच बसलेले. म्हणाले, "मास्तर, माझ्या आज्याला गावानं सांगितलं होतं, तुझं बीजच हलकं आहे. म्हणून विहिरीला शिवायचं नाही, म्हणून शाळेत बसायचं नाही. नामांतराच्या पहिल्या पेटापेटीत माझ्या चुलत्याचं सोनपेठकडचं घर गेलं. का? तर हलक्या बीजाच्या माणसानं मान वर केली. आता तेच शहाणे लोक उद्या बीज सुधारायला बसले, तर निंदणीचं खुरपं पहिलं कुणावर चालेल?"

मी वैतागून सायकल काढली आणि घरी निघालो.

त्याच हंगामात आमचा सुगीचा सण आला. या दिवशी मंडळीतला प्रत्येक जण आपल्या पिकातला वाटा आणून वेदीपुढे ठेवतो. भक्ती संपली की त्याचा लिलाव होतो आणि ते पैसे चर्चच्या कामाला जातात. वेदीपुढे कणसं, कापसाची बोंडं, वांगी, तुरीच्या शेंगा आणि मधोमध मार्थाबाईनं आणलेला लाल भोपळा, असा थाट होता. लिलाव पुकारणारे पंच याकोबकाका सकाळपासून त्या भोपळ्यावर नजर ठेवून होते.

मार्थाबाई म्हणजे आमच्या गायनाचा कणा. बालवाडीत शिकवायची, नवरा वारलेला, एकुलता मुलगा आमोस. या आमोसला रक्त न गोठण्याचा जन्मजात आजार होता. आईकडून मुलाला येणारा. इतर पोरं पडली की धूळ झटकून उठतात, हा पडला की त्याचा गुडघा डांगरासारखा सुजायचा. दात पडला तरी सिव्हिल हॉस्पिटल. पोरगा मात्र मोठा मिश्कील. "मास्तरकाका, मी लय महागाचा हाय," असं सगळ्यांना सांगत फिरायचा.

साहेबांनी वेदीपुढचं संकरित ज्वारीचं एक टपोरं कणीस उचललं आणि उपदेश सुरू केला. हे कणीस दिसायला देखणं, पण याचं बी राखून पुन्हा पेरलं तर काय होतं, असं त्यांनी विचारलं.

"फसतंय!" मागून दोघं-तिघं शेतकरी ओरडले.

"पन साहेब," याकोबकाका उठलेच, "दुष्काळानंतर ह्याच हायब्रीडनं जगवलं आमाला. त्याला नावं ठिवू नका."

"सबूर, याकोबकाका. ज्वारीचं ज्वारीपाशी. मी माणसाचं म्हणतो." आणि मग साहेब रंगले. माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे, देवानं प्रत्येकाला आपल्या मनासारखं पेरलं आहे, आणि त्या बियाण्याला माणसानं हात लावू नये, असं ते बोलून गेले. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस न अडखळता एका दमात बोलला, आणि नेमका तिथंच घात झाला. कारण पहिल्याच बाकावर सुजलेल्या गुडघ्याचा पाय लांब करून आमोस बसला होता.

मार्थाबाई गायनाच्या रांगेतून उठली. वेदीपाशी गेली. आपला भोपळा उचलून तिनं कमरेवर घेतला. वेदीवर ठेवलेलं दान कुणी परत नेल्याचं आमच्या चर्चमध्ये कुणाच्या ऐकिवात नव्हतं. याकोबकाकांचं तोंड उघडंच राहिलं. एका कमरेला भोपळा, दुसऱ्या हाताला लंगडणारा आमोस, अशी ती मधल्या वाटेनं चालत दारापर्यंत गेली आणि तिथं वळून म्हणाली, "साहेब, माझं पोरगं देवानं असंच मनासारखं पेरलं म्हंता? उद्या त्याच्या रक्ताचं औषध निघालं, तर द्यायचं का न्हाई? हो का न्हाई, येवढंच सांगा."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. चूक कळली होती, पण सवय सुटत नव्हती. "सबूर, मार्थाबाई..."

"सबूर तुमाला परवडती. माझ्या पोराला न्हाई." आणि ती गेली. जाताना सांगून गेली, की उत्तर मिळेपर्यंत ती चर्चची पायरी चढणार नाही, आणि आमोसचं दृढीकरणही होणार नाही. दृढीकरण म्हणजे मुलानं मोठं होऊन मंडळीपुढे आपला विश्वास स्वतःच्या तोंडानं कबूल करायचा, तो विधी. "ज्या देवानं मला मुद्दाम असं केलं, त्याला मी काय कबूल करू, असं पोरानं मला इचारलं तर मी काय सांगू?" हा तिचा सवाल होता, आणि तो बिनतोड होता.

त्यानंतरचे महिने मला आठवले तरी माझं डोकं दुखतं. गायनाचं तर विचारूच नका. मार्थाबाईशिवाय आमचं गायन म्हणजे चाक निखळलेली बैलगाडी. मी पेटीवर एका पट्टीत, मंडळी दुसऱ्या पट्टीत, आणि याकोबकाका तिसऱ्याच गावाला. मी रोज संध्याकाळी सायकल काढून साहेबांकडे जायचो आणि भांडायचो.

"साहेब, हो म्हणा आणि मोकळे व्हा."

"मास्तर, ख्रिस्तानं कुष्ठरोग्याला हात लावला, तेव्हा त्याचं बीज विचारलं नाही. जन्मांधाविषयी शिष्य विचारत होते, पाप कुणाचं, ह्याचं की आईबापाचं. त्यानं तो प्रश्नच बाजूला सारला आणि डोळे दिले. तेव्हा बरं करणं हे आपलं कामच आहे, हे मला कळतं."

"झालं तर मग!"

"सबूर. बरं करणं कुठं संपतं आणि निवड करणं कुठं सुरू होतं? तिथला बांध मला दाखवा. पाळकाचं ‘हो’ लोक फार लांब नेतात."

मी म्हटलं, हा नुसता किस काढणं आहे. आणि माझं दुर्दैव पाहा, त्याच आठवड्यात मंडळीतला एक चांगला शिकलेला गृहस्थ मला बाजारात गाठून कानाशी लागला, "मास्तर, ते परदेशातलं इंजेक्शन निघालंय म्हणे. त्यानं पोरगाच व्हावा आणि जरा उजळ व्हावा, असं काही जमतं का?" मी हे साहेबांना सांगायला नको होतं. पण न सांगता राहीन तर मी कसला! ऐकून ते हसले नाहीत की ‘बघा, मी म्हणत नव्हतो?’ असंही म्हणाले नाहीत. डोकं धरून बसले.

मग औरंगाबादहून वरचे मोठे साहेब पाहणीला आले. सबूरसाहेबांनी मोठ्या आशेनं त्यांच्यापुढे प्रश्न मांडला. मोठ्या साहेबांनी कोंबडीच्या तंगडीवरून नजर न हलवता निकाल दिला, "देवाच्या कामात माणसानं ढवळाढवळ करू नये."

"मग आपण चष्मा का लावता?" सबूरसाहेबांनी अगदी मनापासून, जाणून घ्यायला विचारलं. जेवण तिथंच संपलं. मग आम्ही आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "पाळकसाहेब, देवबिव ठेवा बाजूला. यंत्र बिघडलं की दुरुस्त करायचं, आणि जमलं तर पुढचं मॉडेल चांगलं काढायचं." साहेब तिथूनही चिडून बाहेर पडले. मला म्हणाले, "दोघांनाही घाई आहे, मास्तर. एकाला पोरगं दिसत नाही, दुसऱ्याला माणूस दिसत नाही."

"आणि तुम्हाला दोन्ही दिसतं, म्हणून तुम्ही काहीच बोलत नाही!" मी ओरडलो. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली.

पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमोसला रक्त चढवायची वेळ आली की सिव्हिलमध्ये पहिला हात पुढे करणारा माणूस सबूरसाहेबच असायचा. दोघांचा रक्तगट जुळत होता. मार्थाबाई चर्चला येत नसली तरी तिथं दोघांची गाठ पडायची. एकदा मी बरोबर होतो. साहेब दंडावर कापूस दाबून बाकावर बसले होते. मार्थाबाईनं त्यांच्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाली, "साहेब, रक्त देताना तुमी कधी सबूर म्हणला न्हाईत. मंग शब्द द्यायलाच काय होतंय तुमाला?"

साहेबांनी चहाकडे पाहिलं. पलीकडच्या खाटेवरून आमोस म्हणाला, "मम्मी, साहेबाला चहा तरी पिऊ दे. माझं रक्त बनायचंय त्याच्यातून." आम्ही तिघंही हसलो, आणि हसता हसता साहेबांचे डोळे भरून आले. तरी उत्तर नाहीच.

शेवटी बदलीचा हुकूम आला. मोठ्या साहेबांनी चष्म्याचा सूड उगवला, असं माझं खाजगी मत आहे. येलदरीकडच्या एका लहानशा मंडळीत त्यांना पाठवलं. निघायच्या दिवशी आम्ही सगळे एसटी स्टँडवर जमलो होतो. जिंतूरची गाडी लागली. साहेबांची पत्र्याची पेटी टपावर गेली, साहेब खिडकीशी बसले. एवढ्यात मार्थाबाई आमोसला घेऊन आली. खिडकीखाली नुसती उभी राहिली.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, आमोसकडे पाहिलं. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. तशी त्यांनी खिडकीतून निम्मं अंग बाहेर काढलं आणि स्टँडभर ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले, "हो, मार्थाबाई! द्यायचं! त्याचं दुखणं देवानं पेरलेलं नाही, मी चुकीचं बोललो! औषध निघालं तर बेशक द्यायचं! पण..."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडीनं असा काही घरघराट केला, की पुढचं काही ऐकूच आलं नाही. साहेबांचे ओठ हलताना दिसत होते, हात हवेत काहीतरी समजावत होता. मी गाडीमागं पळालो. खरंच पळालो, माझं पोट तेव्हाही होतंच. धूर तेवढा मिळाला.

पुढच्या रविवारी मार्थाबाई आमोससह चर्चमध्ये आली आणि गायली. त्याचं दृढीकरणही यथासांग झालं. मंडळी खूश, याकोबकाका खूश. एकटा मी तळमळत होतो. ‘पण’ काय? शेवटी न राहवून मी येलदरी गाठली. धरणाच्या भिंतीशी साहेब मासेमारांच्या घोळक्यात बसले होते. मी नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "साहेब, ‘पण’च्या पुढं काय होतं?"

ते ओशाळं हसले. "त्या दिवशी अगदी तयार होतं, मास्तर. पण जिंतूर येईपर्यंत त्यात एक चूक सापडली. नव्यानं मांडतोय. सबूर."

धरणात ढकलून द्यावंसं वाटलं. शपथेवर सांगतो.

ते मांडून व्हायच्या आतच साहेब गेले. वर्षही झालं नसेल त्या भेटीला. झोपेत गेले, कुणाला त्रास नाही. मातीला आम्ही सगळे येलदरीला गेलो. परतीच्या गाडीत मार्थाबाई माझ्या पुढच्या बाकावर होती. तिच्या खांद्यावर मान टाकून आमोस झोपला होता. मला रडूही येत होतं आणि रागही येत होता. माणसाचं बीज दुरुस्त करावं का, हाच प्रश्न वर्गात पोरं मला विचारायला लागली होती. मी ‘हो’ म्हणायचो, मग ‘पण’ म्हणायचो आणि फळ्याकडे तोंड करायचो.

मी म्हटलं, "मार्थाबाई, साहेबांचं पुढचं वाक्य राहिलंच की हो."

तिनं आमोसची मान खांद्यावर नीट घेतली. "तुमी बसा हुडकत, मास्तर," ती म्हणाली. "ते माझ्या पोरासाठी नव्हतं."