आत्यांच्या दाताखालची माती

फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातल्या वाइनबद्दल केंब्रिजमध्ये सर्वांत अधिकाराने बोलणारी व्यक्ती आयुष्यात वाइनचा एक थेंबही प्यायलेली नाही. ही व्यक्ती म्हणजे माझ्या बायकोची आत्या. त्या मूळच्या नागपूरच्या. वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरात पंचशील आले, आणि त्यातले मद्य न घेण्याचे पाचवे शील आत्यांनी तीस वर्षे फ्रान्सला जाऊन-येऊनही मोडलेले नाही. निवृत्त होईपर्यंत त्या मृदाशास्त्रज्ञ होत्या. त्यांचे म्हणणे असे, की वाइन हा मातीने दिलेला अहवाल आहे; अहवाल कोणीही वाचावा, आपण मूळ कागदपत्रे पाहावीत.

मूळ कागदपत्रे त्यांच्या बैठकीच्या खोलीत आहेत. इतरांच्या घरी जिथे मुलांच्या पदवीदानाचे फोटो असतात तिथे आत्यांकडे काचेच्या बरण्या आहेत: नदीकाठची वाळू, वरच्या अंगाची गारगोटी, समुद्राकडच्या पाटीसारख्या दगडाची काळपट भुकटी आणि मधल्या पट्ट्यातला मऊ पांढरा चुनखडक. तिथले राजवाडे या खडकाचेच आणि त्याच्या जुन्या खाणी आता वाइनची तळघरे आहेत, हे पाहुण्याला चहाच्या आधी कळते. मग आत्या चिमूटभर माती जिभेवर ठेवून डोळे मिटतात. "गाळ दाताखाली करकरतो, चिकणमाती करकरत नाही. घ्या, बघा." लग्नानंतरच्या पहिल्या भेटीत जावई म्हणून मला मिळालेला पहिला घास हाच. तो करकरला. फ्रान्सहून परतताना बंदरावर एका अधिकाऱ्याने त्यांना "वाइन आहे का?" असे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "वाइन नाही, माती आहे. अकरा पिशव्या." परवान्यांची फाइल त्यांच्याजवळ होतीच, पण त्याला काहीतरी शिकायला मिळावे म्हणून त्यांनी सगळ्या पिशव्या समुद्रापासून उगमाकडे अशा क्रमाने टेबलावर मांडल्या. मागची रांग लांबत गेली. गारगोटीपर्यंत पोचण्याआधीच त्याने हात जोडल्यासारखे केले आणि म्हणाला, "मॅडम, प्लीज, जा."

पर्समध्ये त्या व्हिनेगरची छोटी बाटली बाळगतात, कारण चुनखडकावर व्हिनेगर टाकले की फसफसते. रीडिंग शहरातल्या आमच्या घरी आम्ही स्वयंपाकघर नवे केले आणि बायकोने हौसेने संगमरवरी वर्कटॉप बसवून घेतला, तेव्हा आत्यांनी पर्स उघडून त्यावर चार थेंब टाकले. बारीक बुडबुडे आले. "अभिनंदन, खरा आहे!" आत्या म्हणाल्या. पांढुरका डाग कायमचा राहिला. "आत्या, दुकानदाराची पावती होती की गं!" असे बायको कळवळून म्हणाली, त्यावर आत्यांचे उत्तर होते, "पावती दुकानदार लिहितो. बुडबुडे कोण लिहिणार?" त्या डागावर आता टोस्टर असतो.

विशेषणांशी मात्र त्यांचे वैर आहे. मी अनेक वर्षे बातम्यांच्या टेबलावर काढली असल्याने या बाबतीत माझ्याकडून त्यांना आशा होती. एकदा जेवताना मी एका वाइनला छान म्हणालो. "छान ही चव नाही, जावईबापू, तो अभिप्राय आहे. तुमच्या पेपरात 'छान आग लागली' असं छापायचे का?"

या सगळ्याच्या मुळाशी मिशेल नावाचा एक द्राक्षमळेवाला होता. तरुणपणी आत्या त्याच्या उतारावर मातीचे नमुने घ्यायला गेल्या आणि पहिल्याच दिवशी त्याला सांगून मोकळ्या झाल्या, की तळाच्या ओळी चुकीच्या जागी आहेत: थंड हवा पाण्यासारखी खाली वाहते आणि खोलगटात साठते, नदी ऊब देते, पण ती तिथवर पोचत नाही. मिशेल हसला. पुढच्या एप्रिलमध्ये हिमकडाक्याने नेमक्या त्याच ओळींची कोवळी पालवी जाळली, आणि त्याने केंब्रिजला फोन केला. तेव्हापासून खत असो, छाटणी असो, उन्हाळे तापत गेल्यावर ऑक्टोबरातली तोडणी सप्टेंबरात आणायची की नाही असो, मिशेलने आत्यांना विचारल्याशिवाय काही केले नाही. मोबदल्यात तो दरवर्षी एकच मागणे मागे: माझी वाइन एकदा चाखून सांगा, मादाम. आत्या दरवर्षी नाही म्हणत.

दोन वर्षांपूर्वी गुडघे गेले म्हणून मिशेलने मळा विकला. शेवटच्या तोडणीची एक बाटली आली, सोबत चिठ्ठी: "आता पुढचं वर्ष नाही. कशी झाली, तेवढं तुमच्याकडून कळू दे." आत्यांनी मला बोलावले. शील मोडायचे नव्हते आणि मिशेलशी खोटे बोलायचे नव्हते. "तुम्ही प्या आणि बातमी द्या," त्या म्हणाल्या. आत्येसासूने समोर बसून, हातात घड्याळ धरून जावयाला वाइन पाजण्याचा प्रसंग फार घरांत येत नसावा.

"आंबट," मी म्हणालो.

"कुठं? जिभेच्या कडेला की मागे?"

"कडेला. मग मध."

"कसला मध? किती वेळ?"

बारा सेकंद निघाले. शेवटी मी म्हणालो, की शाळेत डस्टर झटकल्यावर यायचा तसा खडूचा वास येतोय. आत्या उठल्या आणि पांढऱ्या बरणीतली चिमूट तोंडात टाकून माझ्यासमोर पुन्हा बसल्या. मग म्हणाल्या, "ही तुमची बातमी. माझी नाही. त्याने माझी मागितलीये." उत्तर गेले नाही. उरलेल्या बाटलीच्या तोंडाला त्यांनी मलमलीचा तुकडा बांधला आणि ती खिडकीत ठेवून दिली. मला वाटले, म्हातारपणी माणसे वस्तू टाकत नाहीत, तसे असेल.

पाच महिन्यांनी पुन्हा बोलावणे आले. बाटलीतल्या वाइनचे व्हिनेगर झाले होते. जुन्या विद्यार्थिनीच्या लॅबमध्ये आत्यांनी ते दोनदा तपासून घेतले होते. मद्यार्क शिल्लक नव्हता. टेबलावर काकडीची कोशिंबीर होती, त्यात दही नव्हते. पर्समधली नेहमीची बाटली बाजूला ठेवून आत्यांनी खिडकीतली उचलली, चमचाभर शिंपडले आणि घास घेतला. या वेळी घड्याळ मी पाहिले. बारा सेकंद झाले, वीस झाले. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"कशी आहे?" मी विचारले.

"छान आहे हो," आत्या म्हणाल्या.

मी त्यांना आठवण करून दिली नाही. त्यांनी फोन जवळ ओढला, मिशेलचा नंबर लावला आणि तो उचलेपर्यंत दुसरा घास घेतला नाही.