आतल्या थराचं पेटंट

दीक्षाला रबराची किळस कधी आली नाही. वारंगा फाट्याजवळच्या कारखान्यात ती केमिस्ट म्हणून लागली तेव्हा नाक शिंकरलं की काजळी निघायची, ओढणीला गंधकाचा वास यायचा. आई कमलबाई तिचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची आणि तोंडाला पदर लावून धुवायची. दीक्षा हसायची. नांदेडला एम.एस्सी. केलेल्या तिच्या मैत्रिणी पुण्यात खोल्या करून राहत होत्या. तिला मात्र आपल्या कळमनुरी तालुक्यातच प्रयोगशाळा मिळाली होती, याचंच तिला अप्रूप होतं.

कारखाना अनिरुद्ध सरांचा. ट्यूबलेस टायरच्या आतून हवा धरून ठेवणारा एक पातळ थर असतो. त्याला इनर लायनर म्हणतात. त्या थराचं रबर इथं तयार व्हायचं. दीक्षानं त्या रबरात एक पापुद्र्यासारखी बारीक माती आणि एक राळ मिसळून पाहिली, आणि हवा खरोखर कमी झिरपायला लागली. सर खूश झाले. पेटंटचा अर्ज गेला, त्यावर संशोधक म्हणून दोन नावं होती. पहिलं सरांचं, दुसरं दीक्षाचं.

सरांनीच बातमी छापून आणली. अर्ज केला एवढंच खरं होतं, पण पेपरात आलं की पेटंट मिळालं. गावातल्या विहारात दीक्षाचा सत्कार झाला. एसटीत कंडक्टरकी करून निवृत्त झालेले तिचे वडील सोनाजी पहिल्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. "अजून मिळालं न्हाई, नुसता अर्ज केलाय," असं ती माइकवर म्हणाली, तर लोकांनी तिच्या साधेपणाला टाळ्या वाजवल्या.

मग पेटंट कार्यालयाची हरकत आली. माती घातलेलं लायनर आधीच कुणी तरी मांडून ठेवलेलं आहे, राळ घातलेलंही. दोन माहितीतल्या गोष्टी एकत्र केल्या आणि दोन्हींच्या गुणांची नुसती बेरीज झाली, तर कायद्याच्या लेखी ते निव्वळ मिश्रण. त्याला पेटंट नाही. बेरजेच्या वर काही घडत असेल तर ते दाखवा.

दीक्षानं ते आधीच मोजलं होतं. बेरीजच होती, वर काही नव्हतं.

"लायनर चांगलं आहे सर," ती म्हणाली, "पण पेटंट होण्यासारखं न्हाई."

सरांनी मान डोलावली. "बेटा, तुलनेचे नमुने परत कर. एक नुसत्या मातीचा, एक नुसत्या राळेचा. मिसळायच्या मिलवर फार वेळ घोळू नको, मशीन मोकळी पाहिजे मला."

तिनं तसं केलं. घाईत माती नीट पसरली नाही, गुठळ्या राहिल्या, आणि त्या नमुन्यांतून भसाभसा हवा गेली. पुढं सवडीनं नीट करू, असं धरून तिनं आकडे देऊन टाकले.

सुनावणी व्हिडिओवर व्हायची होती. आदल्या दिवशी पुण्याच्या वकील नीलांबरी स्क्रीनवरून उजळणी घेत होत्या. "नुसत्या मातीनं फरक जवळपास नाही. नुसत्या राळेनं किंचित. दोन्ही एकत्र आल्यावर मात्र विलक्षण परिणाम. आपला सगळा जोर यावरच."

तेव्हा कुठं दीक्षाच्या डोक्यात प्रकाश पडला. आपलं लायनर उंच दिसावं म्हणून सरांनी शेजारचे दोन नमुने खड्ड्यात उभे केले होते, आणि तो खड्डा तिच्याच हातून खणून घेतला होता.

"मॅडम, ते दोन नमुने अर्धवट मिसळलेले आहेत."

"आकडे तुमच्याच प्रयोगशाळेचे आहेत ना?" नीलांबरींनी विचारलं. "मग हे मी ऐकलेलं नाही." आणि त्या पुढच्या मुद्द्याकडे वळल्या.

सर दीक्षाशेजारी बसून खारे शेंगदाणे खात होते. "सगळेच करतात बेटा," ते साली फुंकत म्हणाले. "खोटा आकडा एक तरी आहे का? जे मोजलं तेच लिहिलंय." त्यांच्या ओठाला शेंगदाण्याची लाल साल चिकटली होती आणि ते हसत होते. दीक्षाला ते बघवेना. बाहेर नळावर जाऊन तिनं हात धुतले, परत धुतले. ज्या हातांना काजळीची कधी घाण वाटली नव्हती, ते तिला अंगापासून लांब धरावेसे वाटत होते.

घरी तिनं वडलांना सांगितलं. "बाबा, माझ्या हातानं खोटं करून घेऊन राहिले ते."

सोनाजी वैतागले. "तुला काहून पडलंय? वकील हाय, मालक हाय. समद्या गावानं शाल घातली तुला. आता काय तोंड दाखवावं आमी?"

दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये सर आणि दीक्षा कॅमेऱ्यासमोर बसले. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई शांत होत्या. नीलांबरींचं सगळं ऐकून घेऊन त्यांनी एकच विचारलं, "सगळी मिश्रणं सारखाच वेळ मिसळली होती का?"

"अर्थात," नीलांबरी म्हणाल्या.

"संशोधक हजर आहेत. त्यांच्याकडून ऐकते."

टेबलाखाली सरांचा बूट दीक्षाच्या पावलावर आला आणि दाबत राहिला. वरती ते कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. तो बूट नसता तर कदाचित तिची जीभ अडखळली असती. त्या स्पर्शानं तिला इतकी शिसारी आली की तिनं पाय ओढून घेतला आणि ती बोलली, "नाही मॅडम. तुलनेचे नमुने कमी मिसळलेत. नीट मिसळले तर नुसती बेरीज येते. मी मोजलंय."

सरांनी हात लांबवून आवाज बंद केला. पण वाक्य पोहोचलं होतं.

अर्ज फेटाळला गेला. सरांनी तिला काढलं नाही, तिनंच काम सोडलं. वसमतच्या एका कॉलेजात तासावर शिकवायला लागली. गावात मात्र, पोरीनं हातचं पेटंट घालवलं, एवढंच पसरलं. विहारात बायका तिच्याशी जपून बोलायच्या, आजारी माणसाशी बोलावं तसं. सोनाजी घरात मोजकंच बोलत.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका सकाळी अनिरुद्ध सर घरी आले. सोनाजींनी घाईनं खुर्ची पुसली, कमलबाईनं पोहे केले. सरांनी पोहे आवडीनं खाल्ले, वर लिंबू मागून घेतलं. पेटंट नसतानाही लायनरला मागणी चांगली होती, पण नवीन माणसाला मिश्रण जमत नव्हतं.

"झालं गेलं सोडून दे बेटा," ते म्हणाले. "मी मनात काही ठेवलेलं नाही. आता मिसळायच्या पद्धतीवर अर्ज टाकू. तू फक्त शहाण्यासारखं बोलायचं."

ते माफी मागायला आले असावेत, असं दीक्षाला क्षणभर वाटलं होतं. ते तर तिला माफ करायला आले होते. मिशीत पोह्याचा दाणा, चेहऱ्यावर मोठेपणा.

"सर, त्या दिवशी मला तुमची किळस आली होती," ती म्हणाली. "वाटलं, जाईल हळूहळू. आज तुमी समोर बसून खाऊन राहिलात अन् मला तशीच मळमळ होऊन राहिली. मी येणार न्हाई."

सर सोनाजींकडे वळले. "समजवा हो पोरीला. तुमच्यासारख्या घरातल्या मुलीला कुणी एवढा मान दिला होता का?"

सोनाजी उठले. एवढे दिवस लेकीशी धड न बोललेला तो माणूस दारापर्यंत गेला आणि बाहेर बघून म्हणाला, "सर, तुमची गाडी गल्लीत आडवी लागलीय. लोकायला तकलीफ होऊन राहिली. काढा बराबर."

सर गेल्यावर कमलबाई बशी उचलायला वाकली, तर सोनाजींनी तिला थांबवलं आणि बशी स्वतः मोरीवर नेऊन घासली. दीक्षाशी ते त्या दिवशीही काही बोलले नाहीत. तिला वसमतच्या बसला उशीर होत होता. त्यांनी तिची पिशवी घेतली आणि फाट्यापर्यंत तिच्यासोबत चालत गेले.