पुंगळीत डोकावून पाहणारे मुकादमसाहेब

आदरणीय कादिर मुकादमसाहेबांची आणि माझी ओळख दोन वर्षांपूर्वी सौदीतल्या कतीफजवळच्या आमच्या नेमबाजी क्लबात झाली. माझे बाबा तिथे एसी मेकॅनिक. "पोरगी केमिस्ट्रीत बीएस्सी आहे. आमच्या घरातली पहिली," त्यांनी अभिमानाने सांगितलं. साहेब क्लबच्या परवान्यावर रिव्हॉल्व्हरची सरावाची काडतुसं हाताने भरतात. ते म्हणाले, "छान. फक्त काडतुसाला हे सांगू नका."

त्यांच्या हाताखाली लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी ठोकळ्यात उभ्या केलेल्या पन्नास रिकाम्या पितळी पुंगळ्यांत बंदुकीची दारू भरत होते. बाबांचा फोन आला, मी घेतला, अर्ध्या मिनिटात ठेवला. तेवढ्यात साहेबांनी सगळ्या पुंगळ्या डब्यात रिकाम्या केल्या होत्या.

"चाचा, तेवीस झाल्या होत्या. माझ्या लक्षात आहे."

"बाबा काय म्हणाले?"

"जेवलीस का म्हणून विचारलं."

"म्हणजे तेवीस भरताना तू जेवत होतीस. यल्ला, चल, पहिल्यापासून."

ती चूक त्यांनी माझ्या नावासकट नोंदवहीत लिहिली. तेव्हापासून फोन बाहेरच्या खोलीत असतो.

टेबलावर एकाच प्रकारच्या दारूचा डबा, डोळ्यांवर संरक्षक चष्मा, रोज तपासलेला वजनकाटा आणि छापील मापापलीकडे कणही नाही, हे त्यांचे नियम. रिव्हॉल्व्हरच्या लांब पुंगळीत दारू इतकी थोडी लागते की चुकून दोनदा पडली तरी मावते, सांडत नाही. असं काडतूस उडालं तर रिव्हॉल्व्हर हातातच फुटू शकतं. म्हणून गोळी बसवण्याआधी भरणाऱ्याने आणि दुसऱ्या एका माणसाने टॉर्चच्या उजेडात प्रत्येक पुंगळीत पाहायचं. हे काम मला देण्याबद्दल मुदीर, म्हणजे आमचे व्यवस्थापक, साशंक होते. साहेब त्यांना म्हणाले, "हिने पाहिल्याशिवाय माझंही काडतूस बाहेर जाणार नाही."

गेल्या महिन्यात साहेब भरत होते आणि पाहणारी मी होते. एका पुंगळीत दारू दुप्पट दिसली. मी पुन्हा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. साठी पूर्ण झालेल्या साहेबांच्या इकाम्याचं, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचं, नूतनीकरण त्याच आठवड्यात मुदीरसमोर होतं. मी गप्प राहिले. किती वेळ, ते आजही सांगता येत नाही. शेवटी बोट दाखवलं.

साहेबांनी पाहिलं आणि नोंदवही ओढली.

"नका लिहू ना चाचा. गोळी बसवलीच नव्हती अजून."

"तुझी चूक मी लिहिली होती ना?"

"मी शिकत होते तेव्हा."

"आणि मी साठीचा झालोय. तेही लिहितो."

मग ते स्वतःच मुदीरकडे गेले आणि यापुढे आपण एकट्याने भरणार नाही असं सांगून आले.

इकाम्याचा निर्णय अजून आलेला नाही. सध्या मी भरते, ते शेजारी बसतात. दारात पाऊल वाजलं की कागद आला असं वाटून मी उठते आणि हातातलं काम पहिल्यापासून सुरू करते. हा लेखही तसाच, उठत-बसत लिहिला आहे. त्या दिवशी गप्प राहणं म्हणजे त्यांच्यावर माया करणं, असं मला वाटलं होतं. त्याची लाज अजून जात नाही.

साहेबांच्या साठीनिमित्तचा हा अंक मुदीरसाहेबांना कोणी वाचून दाखवणार असेल, तर एवढं जरूर सांगावं: साहेबांनी त्या दिवशी स्वतःचं नाव लिहिलं नसतं, तर पुढच्या वेळी मी बोट दाखवलं नसतं.

साहेबांना दीर्घ, निरोगी आयुष्य लाभो. त्यातली निदान आणखी काही वर्षं आमच्या टेबलापाशी जावोत.