बाकांचा ताल

परवा तालमीसमोर पोरं गवताच्या जाळावर हलगी तापवत होती, आणि त्या तापल्या चामड्याच्या वासानं मला विधानभवनाचं फाटक आठवलं. तेव्हा मी आमच्या भागातल्या, विरोधी पक्षाच्या आमदारांचा पीए होतो. सरकारनं लोककलेच्या महोत्सवावर पाण्यासारखा पैसा ओतला होता, पण कलावंत निवडणाऱ्या समितीत स्वतः वाजवणारा एकही माणूस नव्हता. त्यावर साहेबांनी प्रश्न टाकला, आणि तो ऐकायला पेठ वडगावकडचे एक म्हातारे हलगीवाले माझ्यासोबत मुंबईला आले. फाटकावरचा पोलीस म्हणाला, वाद्य इथंच ठेवा. "परक्याच्या हातात हलगी देत न्हाय," म्हणत ते बाहेरच झाडाखाली बसले, हलगी मांडीवर घेऊन. आत गोंधळातच प्रश्नोत्तराचा तास संपला, आमच्या प्रश्नाचा नंबरच आला नाही. मी बाहेर आलो तर ते ताडकन उठले. "झाला का आमचा प्रश्न?" माझ्या तोंडून निघून गेलं, "झाला की. सगळ्यांनी बाकं वाजवली." त्यांचा चेहरा खुलला. "व्हय? ताल कसा हुता?" मी म्हणालो, "चांगला होता." वर्षभरात ते गेले. भेटायला गेलो तर त्यांचा मुलगा माझे हात धरून म्हणाला, "बा मरस्तोवर सांगत हुता, आमदारांनी माझ्यासाठी बाकं वाजवली." मी नुसती मान हलवली. समितीत वाजवणारा अजूनही नाही. परवा हलगी तापेपर्यंत मी तिथं उभा होतो. वाजायला लागली, तसा घरी निघून आलो.